सोबतीवाचून अडलेली पावले

‘यायची फार इच्छा होती, पण सोबत मिळाली नाही.’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते आणि तितक्याच सहजपणे स्वीकारले जाते की, त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे कोणाला वाटतच नाही. वसंत व्याख्यानमालेला न आलेले निवृत्त गृहस्थ हे वाक्य बोलतात. पत्नीच्या निधनानंतर नाट्यगृहाची पायरी न चढलेले विधुर बोलतात. मुले परगावी स्थायिक झाल्यावर घरात एकट्या उरलेल्या गृहिणी बोलतात. आणि परीक्षेचे केंद्र दूरच्या शहरात आले म्हणून, अर्ज भरूनही परीक्षेला न बसलेली विद्यार्थिनीही हेच बोलते. ऐकणारा ‘खरे आहे’ असे म्हणून मान डोलावतो आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक विषय तेथे सुरू व्हायला हवा. ज्या समाजात प्रौढ, सुशिक्षित, धडधाकट माणसांची पावले केवळ शेजारी दुसरे माणूस नाही म्हणून उंबरठ्यावर थबकतात, त्या समाजाने या थबकण्यासाठी आपण कोणती किंमत मोजतो, याचा हिशेब एकदा तरी मांडला पाहिजे. मानसशास्त्राच्या या प्रांतात अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने का शिरावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, न दिसणाऱ्या खर्चाचा हिशेब मांडणे हे अर्थशास्त्राचे कामच आहे.

दोन निराळ्या भीती

एकट्याने बाहेर पडण्याची भीती म्हणून जिला आपण एकाच नावाने ओळखतो, त्या वस्तुतः दोन निराळ्या भीती आहेत. पहिली भीती धोक्याची. रात्री अकरा वाजता दिवे नसलेल्या रस्त्यावरून एकटीने घरी परतणाऱ्या तरुणीला जी भीती वाटते ती कल्पनेतली नव्हे. तिचे कारण रस्त्यावर आहे, आणि ते दूर करण्याची जबाबदारी नगरपालिकेची, पोलिसांची व शासनाची आहे. दुसरी भीती नजरेची. भर दुपारी, गजबजलेल्या खानावळीत एकट्याने ताट मागवताना, नाटकाच्या मध्यंतरात एकट्याने चहाचा पेला हातात घेऊन उभे राहताना, किंवा लग्नसमारंभात ओळखीचे कोणी नसताना पंक्तीला बसताना जो संकोच अंगावर येतो, त्यात धोका कसलाच नसतो. असते ती एक समजूत: सगळे आपल्याकडे पाहत आहेत आणि आपल्याविषयी काहीतरी ठरवीत आहेत.

या दोन भीतींची गल्लत केली की अनर्थ होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. नजरेच्या भीतीला धोक्याची भीती म्हटले की, काळजीच्या नावाखाली माणसाला घरात डांबून ठेवता येते. ‘जमाना वाईट आहे’ हे वाक्य रात्रीच्या निर्जन रस्त्यासाठी खरे असेल. पण तेच वाक्य दुपारच्या ग्रंथालयालाही लावले जाते. उलट, धोक्याच्या भीतीला नजरेची भीती ठरवले की, ‘तूच जरा धीट हो’ असा उपदेश करून व्यवस्थेला आपले हात झटकता येतात. म्हणून प्रत्येक वेळी आपण स्वतःला एक साधा प्रश्न विचारावयास हवा: मी तेथे एकट्याने गेलो तर मला नेमके काय होईल? उत्तर ‘इजा होईल’ असे असेल तर तो सुरक्षेचा प्रश्न आहे. उत्तर ‘बरे दिसणार नाही’ असे असेल, तर मात्र तो चारचौघांच्या धाकाचा प्रश्न आहे. या लेखाचा मुख्य विषय हा दुसरा प्रश्न आहे. मात्र पहिला सुटल्याशिवाय दुसरा पुरता सुटत नाही, हेही विसरून चालणार नाही.

हा धाक सर्वांना सारखा नाही, हे आपल्या भाषेतही उमटले आहे. ‘एकटा जीव सदाशिव’ असे आपण पुरुषाविषयी म्हणतो, आणि त्यात थोडे कौतुक असते. एकट्या बाईसाठी तशी म्हण नाही; तिच्यासाठी ‘एकटीदुकटी’ हा शब्द आहे, आणि त्यात इशारा आहे. खानावळीत एकटा बसलेला पुरुष कीव करण्याजोगा वाटतो, एकटी बसलेली स्त्री संशय घेण्याजोगी. कीव आणि संशय यांत फरक पुष्कळ आहे. परंतु दोहोंच्या धाकाने माणूस घरीच बसतो, हा परिणाम मात्र एकच.

सोबतीचा खर्च

आता हिशेबाकडे वळू. सोबतीशिवाय बाहेर न पडण्याचा नियम माणसाने स्वतःवर घालून घेतला किंवा घरच्यांनी त्याच्यावर घातला की, त्याच्या प्रत्येक कामाला दोन माणसांचा वेळ लागतो. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासभाड्यात स्त्रियांना पन्नास टक्के सवलत मिळू लागली. एकटीने तालुक्याला जाणाऱ्या स्त्रीला त्यामुळे अर्धे तिकीट पडते. पण सोबतीला भाऊ किंवा नवरा घेतला की त्याचे पूर्ण तिकीट मिळून खर्च दीड तिकिटाचा होतो, म्हणजे तिपटीवर जातो. त्यात सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजी मिळवा. ज्याला आम्ही संधी-खर्च म्हणतो तो हाच. तो वहीत कोठे लिहिला जात नाही. पण दवाखान्यात दाखवणे पुढच्या आठवड्यावर ढकलले जाते, बँकेतले काम महिनाभर पडून राहते, मुलाखतीची तारीख निघून जाते, ती याच खर्चापायी. शासनाने तिकीट निम्मे केले. सोबतीच्या रूढीने ते पुन्हा तिप्पट केले.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांना, बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरचे ठिकाण या तिन्ही जागी एकटीने जाण्याची मुभा आहे काय, असे विचारले गेले. देशभरात ‘आहे’ असे उत्तर देणाऱ्या स्त्रिया ४२ टक्के होत्या. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४१ टक्के होते. मधल्या काळात मुलींचे शिक्षण वाढले, हाती मोबाइल आला, बँकेत खाती उघडली; एकटीने बाहेर पडण्याची मुभा मात्र एका टक्क्याने सरकली. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीच्या आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले की, शहरी भारतात पाहणीच्या दिवशी एकदा तरी घराबाहेर पडलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते, तर पुरुषांचे सुमारे ८७ टक्के. म्हणजे शहरातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी त्या दिवशी उंबरठा ओलांडला नव्हता. त्यांतील प्रत्येकीला भीती वाटत होती असे अर्थातच नाही. घरकामाचा भार आहे, नोकऱ्यांचा तुटवडा आहे. परंतु जी रोज बाहेर पडत नाही तिला बाहेर पडण्याचा सराव राहत नाही, आणि सराव नसलेल्या गोष्टीची भीती वाढते, हा साधा नियम येथेही लागू पडतो.

गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून दाखवून दिले आहे की, गुणवत्ता यादीत वर असलेल्या मुलीही, जाण्यायेण्याचा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो म्हणून, कमी दर्जाचे महाविद्यालय पत्करतात. मुले अशी तडजोड त्या प्रमाणात करीत नाहीत. हे उदाहरण पहिल्या, म्हणजे धोक्याच्या भीतीचे आहे. तथापि त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रस्त्यावरची भीती रस्त्यावर राहत नाही. ती पदवीत उतरते, पदवीतून पगारात उतरते आणि जन्मभर पुरते. दोन दशके वर्गात शिकवताना माझ्या पाहण्यात असे आले आहे की, हुशार मुलगी मागे पडते ती बहुधा अभ्यासात नव्हे. ती मागे पडते तीन तासांच्या प्रवासापाशी. कोणी सोबत नेणारे असेल तर स्पर्धा परीक्षा देते, नसेल तर ‘पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणते. पुढच्या वर्षी बहुधा तिचे लग्न झालेले असते.

दीडशे वर्षांपूर्वीचा धडा

हा प्रश्न नवा नाही. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते आणि पती बरोबर नव्हते. निघण्यापूर्वी सेरामपूर येथे त्यांनी जे जाहीर भाषण केले, त्यात शाळेत जातायेता रस्त्यावरच्या लोकांनी आपली कशी चेष्टा केली, सभ्य म्हणवणाऱ्यांनी घराच्या ओसरीवर बसून कसे टोमणे मारले आणि खडे फेकले, याचे वर्णन त्यांनी केले आहे. समुद्र ओलांडण्याचे धाडस आपण आठवतो, कारण ते नेत्रदीपक आहे. पण मला अधिक अवघड वाटते ते त्याआधीचे, रोजचे, शाळेच्या रस्त्याने चालण्याचे धाडस. १८८६ साली त्या पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन डॉक्टर झाल्या, त्या पदवीची पहिली पायरी तो रस्ता होता.

या कथेतील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. आनंदीबाई बोटीवर अगदी एकट्या नव्हत्या. परतणाऱ्या अमेरिकन मिशनरी स्त्रियांची सोबत त्यांना होती. हे सांगण्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही, उलट आपल्याला उपयोगी पडेल असे काही हाती लागते. एकटे जाणे याचा अर्थ एका झेपेत सर्व आधार तोडणे असा नाही. सवयीची सोबत सोडून अनोळखी सोबतीत जाणे, मग तीही विरळ होत जाणे, असा तो क्रम असतो. भय जिंकणारी माणसे बहुतेक वेळा याच क्रमाने गेलेली आढळतात.

लोक खरोखर पाहतात काय?

नजरेच्या भीतीचा पाया ‘सगळे पाहत आहेत’ या समजुतीवर उभा आहे, असे वर म्हटले. ही समजूत कितपत खरी आहे? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका विद्यार्थ्याला, घालायला लाज वाटेल असा एका गायकाचे चित्र असलेला सदरा घालून, इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. किती जणांच्या लक्षात आले असेल, असे त्याला नंतर विचारले. सदरा घालणाऱ्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात लक्ष गेले होते सुमारे पाव लोकांचे. म्हणजे आपल्याला पाहणारे चारचौघे आपण समजतो त्याच्या निम्मेच असतात. उरलेले आपापल्या सदऱ्याच्या काळजीत असतात!

दुसरा प्रयोग आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. रिबेका रॅटनर आणि रिबेका हॅमिल्टन या दोन संशोधिकांनी २०१५ साली ग्राहकांच्या वर्तनाविषयीच्या एका नामांकित नियतकालिकात दाखवून दिले की, किराणा आणण्यासारखी कामे माणसे एकट्याने बिनदिक्कत करतात. परंतु चित्रपट पाहणे, बाहेर जेवणे अशा केवळ आनंदासाठीच्या गोष्टी सार्वजनिक जागी एकट्याने करायला कचरतात, कारण ‘याला मित्र नाहीत’ असे इतरांना वाटेल अशी धास्ती असते. त्यांनी विद्यार्थ्यांना एका चित्रदालनात पाठवले, काहींना एकट्याने, काहींना जोडीने. एकट्याने जाणाऱ्यांना आपल्याला आनंद कमी मिळेल असे वाटत होते. प्रत्यक्षात आनंद सारखाच मिळाला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, येथे ग्राहक चुकीच्या अंदाजापायी आपले समाधान सोडून देतो. बाजारात माल आहे, खिशात पैसा आहे, मनात इच्छा आहे. आणि तरीही व्यवहार होत नाही.

एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. काम असले की एकटेपण क्षम्य ठरते, आनंद असला की ते अपराध ठरते. मुंबईतील स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास करून शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी २०११ साली लिहिलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकाचे प्रतिपादन या ठिकाणी आठवते. बाईला रस्त्यावर असण्यासाठी सतत काही कारण दाखवावे लागते. हातात पिशवी, पायात घाई, चेहऱ्यावर कामाचा भाव. निष्कारण उभे राहण्याची, नुसते भटकण्याची मोकळीक तिला नसते. हे निरीक्षण स्त्रियांविषयीचे असले तरी त्याची सौम्य आवृत्ती आपल्याकडील म्हाताऱ्या माणसांना, विधवा-विधुरांना आणि लाजाळू तरुणांनाही भोगावी लागते. दवाखान्यात एकटे गेलेल्या आजोबांना कोणी काही विचारत नाही. तेच आजोबा एकटे सिनेमाला गेले की घरात कुजबुज होते.

भीती कशी ओसरते?

मग ज्याला ही भीती वाटते त्याने काय करावे? ‘धीर धर’ असे सांगणे निरुपयोगी आहे. तो धीर धरून थकलेला असतो. या बाबतीत मानसोपचारांच्या अनुभवातून जे हाती आले आहे ते सुदैवाने पुष्कळ व्यवहारी आहे. भीती ही पळाल्याने वाढते आणि थांबल्याने ओसरते. खानावळीच्या दारातून परत फिरलेल्या माणसाला क्षणभर हायसे वाटते. त्या हायसे वाटण्यानेच पुढच्या वेळी दार अधिक जड होते. उलट तो आत जाऊन बसला, तर पहिली पाच मिनिटे छाती धडधडते, पण जेवण संपेपर्यंत ती धडधड आपोआप मंदावते. हा अनुभव पुनःपुन्हा आला की शरीरच शिकते. म्हणून शिडी मांडावी: पहिल्या आठवड्यात ओळखीच्या टपरीवर एकट्याने चहा, मग वाचनालयात तासभर, मग दुपारच्या खेळाचे एक तिकीट, मग एसटीने शेजारच्या गावी जाऊन परत. एका पायरीचा कंटाळा येईपर्यंत पुढच्या पायरीवर पाऊल ठेवू नये. कंटाळा हीच भीती गेल्याची खूण आहे.

दुसरी गोष्ट कुबड्यांची. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे सामाजिक भीतीचा माणूस दोन चुका करतो. तो सारे लक्ष स्वतःकडे वळवतो: आपला आवाज कापतो काय, हात थरथरतो काय. आणि तो छुप्या संरक्षणाचा आश्रय घेतो: कोपऱ्यातलेच टेबल, तोंडापुढे वर्तमानपत्र, आणि अलीकडे कानाला लावलेला मोबाइल, पलीकडे कोणी नसतानाही! वेळ सुखरूप पार पडते; पण श्रेय मोबाइलला जाते, माणसाला नव्हे. म्हणून एकदा तरी मोबाइल खिशात ठेवून बसावे आणि लक्ष बाहेर वळवावे: वाढपी किती टेबले सांभाळतो, शेजारच्या टेबलावर कोणती भाजी आली, भिंतीवरच्या दरपत्रकात काय वाढले. पाहिले जाणारा माणूस पाहणारा झाला की नजरेची भीती निम्मी होते.

मात्र सर्वांची भीती अशी घरच्या उपायांनी जाईल असे समजू नये. काहींच्या बाबतीत ती आजाराचे रूप घेते. महाविद्यालय सुटते, नोकरी सुटते, महिनेच्या महिने माणूस खोलीबाहेर पडत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेत सामाजिक भीतीला स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिले, आणि त्यावर परिणामकारक उपचार आज उपलब्ध आहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही मिळतो. अशा माणसाला ‘लाजाळू आहे, लग्न झाले की सुधारेल’ असे म्हणून सोडून देणे, हे मोडलेल्या हाडाला ‘चालला की बसेल’ असे म्हणण्यासारखे आहे.

व्यवस्थेचे काम

व्यक्तीने शिडी चढावी हे खरे. पण शिडी टेकवायला भिंत लागते. ती उभी करणे हे समाजाचे आणि शासनाचे काम आहे, आणि ते होऊ शकते याचे पुरावे आपल्यापुढे आहेत. पश्चिम रेल्वेने मे १९९२ मध्ये चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी गाडी सुरू केली. मुंबईच्या नोकरदार स्त्रीला लोकलच्या महिला डब्यात रोज जी अनोळखी सोबत मिळते, तिने एकटीने प्रवास करणे ही या शहरात चर्चेची गोष्टच उरू दिलेली नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्या योजनेने माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. सायकलीने अंतर कमी केले हे तर खरेच. परंतु रस्त्याने सायकलवर जाणारी मुलगी हे दृश्य नित्याचे झाले, हाही त्या योजनेचा लाभ मानला पाहिजे. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून विद्यार्थिनींसाठी सुटणाऱ्या एसटी गाड्यांनी हेच काम केले आहे.

परंतु मोठ्या योजनांइतक्याच छोट्या गोष्टी महत्त्वाच्या असतात. बसस्थानकावर स्वच्छ आणि दिवा असलेले स्वच्छतागृह नसेल, तर धीट बाईचाही प्रवास लांबणीवर पडतो. गर्दीच्या वेळी एकट्या गिऱ्हाइकाला टेबल नाकारणारा उपाहारगृहाचा मालक, एकट्या स्त्रीला ‘खोली नाही’ असे सांगणारा लॉजचा व्यवस्थापक, ‘बरोबर कोण आहे?’ असे प्रत्येक खिडकीवर विचारणारा कारकून, यांना आपण काही मोठा अन्याय करतो आहोत असे वाटत नाही. तथापि शिडीच्या पहिल्याच पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवण्यास तेवढा एक प्रश्न पुरेसा असतो. भिंतीला लागून एकेकट्यासाठी चार खुर्च्या मांडायला मालकाला खर्च तो किती येणार? व्याख्यानमालेच्या निमंत्रणावर ‘सहकुटुंब’ या शब्दाशेजारी ‘एकट्यांचेही स्वागत’ असे छापायला शाई ती किती लागणार?

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, हा सारा पाश्चात्त्य व्यक्तिवादाचा पुरस्कार आहे. आपली संस्कृती दिंडीची आहे, पंक्तीची आहे. माणसाने एकटे खावे, एकटे हिंडावे हे आपल्या वळणात बसत नाही. शिवाय एकाकीपण हेच आजचे दुखणे असताना एकट्याने बाहेर पडायला शिकवणे म्हणजे दुखणे वाढवणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपण ग्रासते, हेही खरे.

परंतु एकटे असणे आणि एकाकी असणे यांतील भेद आपल्या परंपरेला नवा नाही. एकांत हा शब्द आपल्याकडे साधनेचा आहे, शिक्षेचा नाही. आणि दिंडीविषयी बोलायचे तर, वारीला घरून एकट्याच निघालेल्या किती वृद्ध स्त्रिया वाटेत दिंडीच्या होतात! दिंडी मिळते ती निघालेल्याला. घरी बसलेल्याला नाही. एकट्याने बाहेर पडण्याची भीती एकाकीपणावरचा उतारा नसून त्याचे मूळ आहे. सोबत नाही म्हणून व्याख्यानाला न गेलेल्या माणसाला, व्याख्यानात शेजारच्या खुर्चीवर जी सोबत मिळाली असती तीही मिळत नाही. जो एकटा जाऊ शकतो तो सोबत निवडतो; जो एकटा जाऊ शकत नाही त्याला मिळेल ती सोबत, आणि तिच्या सोयीची वेळ, स्वीकारावी लागते. कुटुंबातल्या नात्यांच्या दृष्टीनेही, गरजेपोटी धरलेल्या हातापेक्षा आवडीने धरलेला हात अधिक टिकाऊ असतो.

चारचौघे म्हणजे कोण?

अर्थशास्त्रात बाह्य लाभ नावाची एक संकल्पना आहे. मी माझ्या अंगणात झाड लावले तर सावली रस्त्याने जाणाऱ्यालाही मिळते, पण त्याचे मोल मला कोणी देत नाही. म्हणून समाजाला हवी तेवढी झाडे आपोआप लागत नाहीत. एकट्याने बाहेर पडणारा माणूस असेच झाड लावीत असतो. तालुक्याच्या उपाहारगृहात पहिली एकटी बसलेली शिक्षिका सगळ्या नजरा झेलते. दहावीकडे कोणी वळूनही पाहत नाही. पहिलीने मोजलेल्या किमतीचा लाभ पुढच्या नऊ जणींना होतो. विशिष्ट संख्येपलीकडे गेल्यावर असे वर्तन आपोआप रूढ होते, हे थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ मधील आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले आहे. पण त्या संख्येपर्यंत पोचेतो पहिल्या काहींना आधार लागतो, आणि झाडाला पाणी घालावे तसा तो इतरांनी द्यावा लागतो.

तो आधार देण्यासाठी शासकीय निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘चारचौघे काय म्हणतील’ या प्रश्नातील चारचौघे कोणी परके नसतात. प्रत्येक एकट्या माणसाच्या दृष्टीने आपण त्या चौघांतले एक असतो. आपल्या टोमण्याने, आपल्या भुवई उंचावण्याने, अगदी आपल्या सहज विचारलेल्या ‘एकटेच का?’ या प्रश्नाने आपण तो धाक रोज जिवंत ठेवतो. म्हणून यापुढे शेजारच्या विधवा काकू एकट्याच नाटकाला निघाल्या तर ‘कोणाबरोबर?’ असे न विचारता ‘कोणते नाटक?’ असे विचारावे. परीक्षेला निघालेल्या मुलीला ‘एकटी कशी जाशील?’ असे म्हणण्याऐवजी गाडीची वेळ आणि उतरायचा थांबा समजावून द्यावा. आणि भरलेल्या खानावळीत कोणी एकटा माणूस दारात घुटमळताना दिसला, तर आपल्या टेबलावरची रिकामी खुर्ची नुसती थोडी मागे ओढावी. त्याने बसावे की न बसावे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.